उर्फ

ओदेतबाई मॉन्ट्रियलहून आल्या त्या थेट
पणजीच्या पुराभिलेखात, माझ्या टेबलाशी.
नातवाची अर्धी मुळं हळदोण्यात आहेत, म्हणाल्या,
सुनेकडची. उरलेली अर्धी मी घेऊन आलेय.
आणि त्यांनी कागद उलगडला, हातभर, मग दोन हात,
पंख्याखाली उडू लागला तेव्हा चार कोपऱ्यांवर ठेवलं
माझा डबा, शिक्क्याची पेटी, त्यांचा फोन,
चौथ्यावर माझा हात.

त्यांच्या माणसांना दोन-दोन आडनावं.
गान्यों दि बेलव्हाल.
'दि' म्हणजे काय?
'म्हटलेला'. फौजेत कुणी ठेवलेलं, नाहीतर शेतावरून पडलेलं.
एका भावाने पहिलं चालवलं, एकाने दुसरं,
आणि नातवंडं एकाच देवळात लागून बसली
तरी ओळख नाही.
आमच्याकडे त्याला उर्फ म्हणतात, मी सांगितलं,
पण तो जास्त करून पोलिसांच्या कागदात भेटतो.
त्या इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावला.

हळदोण्याचं काम लवकर संपलं.
लोबो, लोबो, लोबो, आणि मग वाळवी.
पहिला लोबो कुणाचा कोण, ते लिहिलेलं नाही.
ज्याने पाणी घातलं त्याचं आडनाव
अख्ख्या वाड्याला, सणाला गूळ वाटावा तसं.
आदला माणूस त्या ओळीच्या अलीकडेच राहिला,
ओल्या केसांनी.

मग मी त्यांच्या कागदावर बोट ठेवून वर जाऊ लागले
आणि लक्षात आलं, बायका सापडतात.
लग्न झालं, चौदा मुलं झाली, दफन झालं,
तरी वहीत बापाचंच आडनाव, जन्माचंच नाव.
आईची आई, तिची आई,
जिन्याला कठडा असावा तसं अकरा पिढ्या सरळ.

तुझा कागद कुठाय? त्यांनी विचारलं.

माझा? आम्ही मयेचे केंकरे. पुरुष सगळे तोंडपाठ.
बायका लक्ष्मी, सरस्वती, परत लक्ष्मी.
तांदळात अंगठीने लिहिलेली नावं,
जुनं नाव त्याच ताटात चाळवून टाकलेलं
आणि तांदूळ नंतर शिजवलेले, मला वाटतं.
माझंही तसंच झालं. मी काही बोलले नाही तेव्हा.
भूक लागली होती.

शनिवारी डिचोलीला गेले, कशाला ते न ठरवता.
वडिलांचा जन्म, एकोणीसशे एकतीस.
पोर्तुगीज कारकुनाचं वळणदार, जरासं आळशी अक्षर:
बापाचं नाव Porxotoma Quencró,
आईचं नाव
Xevonti.

शेवंती.
घरात ही बाई कधी नव्हतीच.
भिंतीवरच्या फोटोखाली लक्ष्मीबाई आहे,
श्राद्धालाही लक्ष्मीबाईच जेवून जाते.

माहिती देणारा: बाप, समक्ष हजर, सही मराठीत.
म्हणजे आजोबा.
जे तिला आयुष्यभर 'गे' म्हणाले, 'ऐकलंस' म्हणाले,
उखाण्यातसुद्धा अडले असतील,
ते होडीने, उन्हात, कोटाच्या आत घामेजून इथवर आले
आणि परक्या भाषेतल्या माणसाने विचारलं, नाव?
तेव्हा त्यांच्या तोंडून हे निघालं,
स्वतः ठेवलेलं नाही, तिचं.
चुकून? की
दुसरं कुणी ऐकायला नव्हतं म्हणून?

दाखल्याची नक्कल हवी, मी खिडकीत म्हटलं.
अर्ज भरा.
अर्जदाराचं नाव, पुढे एक ओळ, तीही आखूड.
लग्नातलं लिहिलं. थांबले.
मग 'उर्फ' लिहिलं, आणि पेन तसंच धरून उभी,
मागे रांग, कुणीतरी खाकरतंय,
आणि कारकून मान वर न करता,
बाई, एकच लिहा, एकच,
कुठलंही.